आत्याची गाडी आमच्या गाडीत

नाताळच्या सुट्टीत आत्या मिरजेहून दिल्लीला आमच्याकडे आली, ती अट घालूनच. "आठ दिवस राहीन, सगळं बघीन, पण व्हीलचेअरमध्ये बसणार नाही. मला कुणी ढकललेलं आवडत नाही."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर पीटी शिकवली. एक गुडघा बदललेला, दुसरा बदलून घ्यायला ती तयार नाही. घरात काठी घेऊन फिरायची, बाहेर पडलं की शंभर पावलांत बसायला जागा शोधायची. मी आणि बायकोनं दोघांनीही ऑफिसातून रजा टाकली होती, आणि हिला हिंडवायचं कसं याचा विचार करत सगळे रजईत पाय घालून बसलो होतो.

तेरा वर्षांच्या माझ्या मुलीनं फोनवर शोधून काढलं. गाझियाबादला मोबिलिटी स्कूटर भाड्यानं मिळते. चार छोटी चाकं, बॅटरी, खुर्चीसारखी सीट, पुढं हँडल. आत्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही मी चालवायची?"

"हो."

"दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही?"

"नाही."

"मग चला," म्हणाली आणि स्वेटर घालायला उठली. आम्ही घेऊन येतो म्हटलं तर म्हणे, साडी मी कधी दुसऱ्याच्या पसंतीनं घेतली नाही, गाडी कशी घेईन?

गाझियाबादचा दुकानदार पन्नाशीचा, अगदी सज्जन गृहस्थ. त्यानं स्कूटर बाहेर आणली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिचे पाच तुकडे केले. सीट, बास्केट, बॅटरी, पुढचा भाग, मोटरचा मागचा भाग. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "बच्चा भी कर लेगा, भाईसाहब." मुलीनं सगळ्याचा व्हिडिओ काढला. मी खुशीत डिकी उघडली, आणि आत सीएनजीचं सिलिंडर मख्खपणे पडलेलं.

गेली चार वर्षं ते तिथंच होतं. मला फक्त आठवलं नव्हतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी सिलिंडरकडे पाहिलं. मग दुकानदारच पुढं झाला. मोटरचा भाग मागच्या सीटवर मधोमध बसवला आणि त्याला पट्टा लावला. त्याच्या एका बाजूला बायको, पायाशी बॅटरी. दुसऱ्या बाजूला मुलगी, मांडीवर स्कूटरची सीट, डोक्यावर बास्केट, कारण ते दुसरीकडे कुठं मावेचना. पुढचा भाग हँडलसकट माझ्या शेजारी बसलेल्या आत्याच्या पायांशी उभा. त्यामुळे गाडीत दोन स्टिअरिंग झाली, एक माझ्या हातात, एक तिच्या. वळण आलं की तीही आपलं हँडल फिरवायची.

वाटेत एका नाक्यावर पोलिसानं थांबवलं. वाकून आत पाहिलं. टोपलीवाली मुलगी, पट्टा लावलेली मोटर, हँडल धरून बसलेली म्हातारी.

"ये क्या है, माताजी?"

आत्यानं मिरजेत राष्ट्रभाषेच्या परीक्षा पहिल्या वर्गात पास केलेल्या. ती ताठ झाली. "महोदय, यह मेरा निजी वाहन है। मैं इसे घर ले जा रही हूँ।"

तो हसायला लागला, तो थांबेचना. गाडी में गाडी, असं म्हणत त्यानं दुसऱ्यालाही बोलावून दाखवलं, मग दोघांनी मिळून आम्हाला सलाम ठोकला. पुढच्या सिग्नलपर्यंत आम्ही चौघं इतके हसलो की काचांवर वाफ धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन पडल्यावर लोधी गार्डनला गेलो. पार्किंगमध्ये पाच तुकडे जमिनीवर मांडले. आत्या काठी टेकून बाजूला उभी. व्हिडिओ लावला, तर त्यात बहुतेक वेळ मुलीचा अंगठाच दिसत होता आणि मागून दुकानदाराचा आवाज, "बस, हो गया." मी मागचा भाग पुढच्यात अडकवला, तो उलटा. बायकोनं सरळ केला. सीट बसली, पण तोंड मागं. तीही फिरवली. शेवटी सगळं जमलं, आत्या ऐटीत बसली, किल्ली फिरवली, दिवा लागला. गाडी हलेना. नुसती टीं टीं करायला लागली.

"बॅटरी गेली," मी म्हणालो.

"बॅटरी फुल दाखवतेय, बाबा," मुलगी म्हणाली.

"मी काही बोलू का?" आत्यानं विचारलं.

"आत्या, एक मिनिट, दुकानात फोन लावतोय."

"अरे, तो पिवळा दांडा त्यानं वर केला होता. तुम्ही खालीच ठेवलाय."

मुलीनं वाकून पाहिलं. "आत्याआजी, दांडा म्हणजे?"

"दांडा गं! दांडा! काठीसारखा असतो तो!"

मुलगी गोंधळून तिची काठी उचलायला गेली. बायकोनं मागं हात घालून लीव्हर वर केला आणि आत्या आमच्यामधून निघूनच गेली.

या बाईनं जन्मात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. माझ्या वडिलांना शिकवताना सायकल धरून मागं पळायचं काम तिचं होतं. एवढं मला ठाऊक होतं, पण ती दिसेनाशी होईपर्यंत ते डोक्यात आलं नव्हतं. हँडलवर वेगाचं एक बटण होतं, एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. आम्ही कासवावर ठेवलं होतं. तिनं फाटकातून आत शिरताच ससा केला.

"आत्या, हळू!" मी पळत म्हणालो.

"तुम्ही जोरात या!" तिनं मागं न बघता सांगितलं.

साडीवर कार्डिगन, कानाला मफलर, अंगठा हॉर्नवर. पुढं हिरवळीवर चार-पाच मुली पुस्तकं पसरून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होत्या. त्यांचे डबे वाटेवर आलेले. "डबे उचला गं पोरींनो!" आत्या ओरडली. त्या टुणकन उठल्या. "अय्या, मराठी!" सगळ्या लातूर-नांदेडकडच्या निघाल्या. आम्ही धापा टाकत पोचलो तोवर आत्या त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होती. एकीनं विचारलं, "आजी, एक चक्कर मारू?"

"आधी लायसन मिळालंय का ते सांग."

"तुम्हाला तरी मिळालंय का?"

आत्या उतरली. "बस. कासवावर ठेव." पाचही जणींनी एकेक फेरी मारली, आत्या पीटीच्या आवाजात "डावीकडे, डावीकडे" म्हणत राहिली.

पुढचे दिवस आम्ही रोज कुठं ना कुठं गेलो. तुकडे चढवायचे, तुकडे उतरवायचे. आत्या आकडे म्हणायची, एकला बास्केट, दोनला सीट, तीनला बॅटरी. चौथ्या दिवशी आम्ही दुकानदारापेक्षा जलद झालो असं तिचं म्हणणं. घड्याळ तिचंच होतं, त्यामुळे वाद नव्हता.

स्कूटर परत करायच्या सकाळी उठलो तर आत्या घरात नव्हती. स्कूटरही नव्हती. काठी दाराला टेकलेली. मी स्लीपर घालून लिफ्टनं खाली पळालो, बायको शाल गुंडाळत मागून. आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत त्या वेळी फक्त दूधवाले आणि फिरायला निघालेले साहेब लोक. वॉचमनला विचारलं. "माताजी? वो तो सब्ज़ी लेने गईं."

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो तर समोरून ती येताना दिसली. बास्केट मटारानं भरलेलं. आम्हाला पाहून तिनं हॉर्न वाजवला.

"चार वर्षांत पहिल्यांदा स्वतः भाजी निवडून आणली," ती म्हणाली. "मिरजेत कुणीतरी आणून देतं. कोवळी का जून, विचारायची सोय नाही." नाक थंडीनं लाल झालेलं. "भाव करायला मजा आली रे!"

बायकोनं वाकून तिला मिठी मारली, भर रस्त्यात, सगळ्या साहेबांसमोर.

मटार घरी सोलायला वेळच नव्हता, दुपारपर्यंत गाझियाबादला पोचायचं होतं. म्हणून पिशवी गाडीतच घेतली. मोटर पट्ट्यात, बॅटरी पायाशी, मुलीच्या मांडीवर स्कूटरची सीट आणि सीटवर परात. तिघी जणी सोलत होत्या, मी गाडी चालवत होतो, आणि प्रत्येक सिग्नलला आत्या माझ्या तोंडात चार दाणे टाकत होती.