योगराजच्या यादीतला एकतिसावा संगणक

योगराज देवपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. गाव साक्रीकडचं. परीक्षा संपली की तीस संगणकांवरची मुलांची कामं पुसायची, त्यात त्याचे तीन दिवस जायचे. मग तो स्वतःच शिकला. आपल्या टेबलावरच्या संगणकात सगळ्या संगणकांची यादी आणि हुकूम एकदा लिहायचा. मग तो संगणकच बाकीच्यांना नेटवर्कवरून कामाला लावतो.

यादीत त्याने स्वतःचाही संगणक घातला. त्याच्यापुढे लिहिलं, 'इथेच चालव'. म्हणजे नेटवर्क नको, पासवर्ड नको.

"याला कशाला घेतलास?" मी विचारलं. तेव्हा मी विभागप्रमुख होते.

"मॅडम, कानबाईच्या सणात प्रसादाच्या रोटाला घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गहू घेतो आम्ही. परगावी असेल त्याच्याही. मग घरचाच कसा वगळू?"

"रोट लाटतोयस का मेल्या?"

तो हसला. त्या हुकमाला 'रोट' हेच नाव राहिलं.

त्याच संगणकात त्याच्या आईची, भागाबाईंची, कानबाईची चौदा गाणी होती. म्हातारीला लॅबमध्ये आणून माइकपुढे बसवून त्याने ती भरली होती. गेल्या पौषात भागाबाई वारल्या. "दुसरीकडे प्रत ठेव," मी तीनदा बजावलं. "ठेवतो मॅडम." मुलांच्या फोल्डरचं नाव 'काम'. यानेही गाणी 'काम'मध्येच ठेवलेली.

जूनमध्ये त्याने हुकूम सोडला: सगळीकडचं 'काम' पुसा. तीस संगणकांना वीस मिनिटं लागली. स्वतःचा तर डोळ्याचं पातं लवायच्या आत रिकामा. जळगावच्या दुरुस्तीवाल्याने तो चार दिवस ठेवून घेतला आणि काहीच परत येत नाही म्हणून परत दिला.

श्रावणात कानबाईला मी त्याच्या गावी गेले. बहीण रत्नाने शिरपूरहून स्पीकर आणलेला. घरात बाया दाटीवाटीने बसलेल्या.

"भाऊ, मायना गाना लाव ना."

योगराजने भिंतीकडे बघत आपल्याच हातची चूक कबूल केली, "बठ्ठा पुसाई गयात, रत्ना. मन्हाच हातघाई."

मला वाटलं, आता ही त्याला फाडून खाईल. तिने स्पीकरची वायर गुंडाळली, पिशवीत घातली आणि स्वतःच गायला लागली. बायांनी सूर धरला. दोन कडवी झाली. तिसऱ्याला सगळ्याच अडकल्या. ते फक्त भागाबाईंना येत होतं. रत्नाने पुन्हा पहिलं कडवं घेतलं.