टिटवाळ्यात सापडलेला लॅम्डा

टिटवाळ्याला लोक गणपतीला जातात. ऐंशीच्या दशकातल्या एका रविवारी मी डोंबिवलीहून स्कूटर काढली, ती एका बाईंची लबाडी पकडायला.

तेव्हा मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होतो. लॅम्डा नावाचा कण जन्मतो आणि बोटभर अंतरात मरतो. मागे राहतात त्यातून निघालेल्या प्रोटॉन आणि पायॉन या कणांच्या दोन रेघा, बबल चेंबर नावाच्या द्रवाने भरलेल्या टाकीच्या फोटोत ‘व्ही’सारख्या. प्रोटॉन खालपेक्षा वर जास्त गेले, तर लॅम्डा एकाच दिशेची फिरकी घेऊन जन्मलेत असं समजायचं आणि त्यावरून आतल्या क्वार्क नावाच्या त्याहून छोट्या कणांच्या मांडणीचा अंदाज बांधायचा. परदेशातून आलेले या फोटोंच्या फिल्मचे अर्धे रोल आमच्या प्रयोगशाळेतल्या तपासनीस सुलभाताईंनी तपासले होते, अर्धे मी. ‘वर’ जास्त होते ते फक्त ताईंच्या रोलमध्ये. माझे गाईड सर म्हणाले, "दोघांपैकी एकाचं चुकतंय. कळेपर्यंत थिसिस विसर."

माझं चुकणं शक्यच नव्हतं. सरांना ‘वर’ जास्त हवेत हे ओळखून ताईंनी तसे ‘व्ही’ शोधले असणार. त्यात आता नोकरी सोडून टिटवाळ्याला घरी बसलेल्या.

कल्याणपर्यंत रस्ता बरा होता. शहाडला पूल ओलांडण्याआधी वडापाव खाल्ला, चटणी झणझणीत. टपरीवाल्याने "कुठं निघालात?" विचारलं, तर मी उत्तर टाळलं. पुढे नुसते खड्डे. तुम्ही जाणार असाल तर सरळ ट्रेनने जा.

मला बघून ताईंना फारच आनंद झाला. तेही मला खटकलं. पोहे खाऊन मी फोटोंचे मोठे प्रिंट पिशवीतून बाहेर काढले. त्यातला एक मुद्दाम आरशातल्यासारखा उलटा छापून आणला होता.

ताईंनी भिंग लावलं. "विनय, हा उलटा छापलायस. चुंबकामुळे इलेक्ट्रॉनचं वेटोळं नेहमी एकाच बाजूला वळतं, इथे भलतीकडे वळलंय." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझी परीक्षा घ्यायला आलेलास काय रे?"

मी तो प्रिंट पिशवीत सरकवला.

त्यांनी दुसरा प्रिंट ओढला. तो माझ्या रोलमधला. मला त्यात दोन ‘व्ही’ मिळाले होते. त्यांनी पेन्सिलीने तिसरा दाखवला, एक रेघ नखाएवढी. "वर गेलेला प्रोटॉन आहे हा. चेंबरच्या वरच्या काचेजवळच जन्मला, लगेच बाहेर पडला, म्हणून आखूड. तू असले कचरा म्हणून सोडून देतोस ना?"

देत होतो. रोल लवकर संपायचे.

घरी येऊन तो तिसऱ्या ‘व्ही’चा प्रिंट पाहिला. मागे तपासनिसांच्या रिवाजाप्रमाणे ताईंची सही होती आणि खाली दुसऱ्या तपासनिसाची, म्हणजे माझी, जागा रिकामी. तेवढी सही मला त्या दिवशी करता आली नाही. सोमवारपासून माझे सगळे रोल पहिल्यापासून बघितले. पाच महिने गेले. ‘वर’ माझ्याकडेही जास्त निघाले.

मग त्या प्रिंटवर सही केली. तो अजून माझ्याकडे आहे. आकडे जुळले नाहीत की आजही मी संशयितांची यादी करतो. पहिलं नाव माझं असतं.