दुतारवालीच्या गळ्यात वीणा

देवासमोर उभं राहून मी त्याच्याकडे काय मागत होते, हे सांगायला जड जातं. मोशीच्या आमच्या सोसायटीत हरिनाम सप्ताह चालू होता. वीणा माझ्या गळ्यात होती, तोंडाने नाम चालू होतं, आणि मनात एकच घोकणं: देवा, या गुलनारला इथून दुसरीकडे राहायला जाऊ दे.

गुलनार म्हणजे आमच्या मजल्यावरच्या समीरची बायको. परदेशातली, अल्माटी शहरातली, तिकडच्या उइगुर लोकांतली. समीर तिकडे नोकरीला होता; लग्न करून चाकणच्या कंपनीत परतला, तेव्हा ही लांब दांड्याचं, दोन तारांचं वाद्य पोटाशी धरून आली. दुतार म्हणतात त्याला. ते तिला वडिलांनी शिकवलं. त्यांच्याबरोबर ती लग्नांत वाजवायची, पुढे तिथल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात पगारी वादक झाली. ते सगळं सोडून इथे आली, तर इथेही वर्षभरात पुण्यातून कार्यक्रमांची बोलावणी सुरू. आमच्या भजनी मंडळात वीणा म्हटली की माझं नाव निघायचं. आता हरिपाठ संपला की बायका म्हणायच्या, "गुलनार, तुझं ते वाजव ना गं." माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिचं मराठी अडखळायचं, बोटं कधी अडखळायची नाहीत.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकीने दुसरीच्या गळ्यात घालायची आणि दोघींनी एकमेकींच्या पाया पडायचं, वयाचा मान तिथे चालत नाही. त्या दिवशी एकादशी होती. माझ्यानंतर वीणा घेणाऱ्या शोभाताई चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, बाकीच्या बायका खाली फराळाच्या तयारीत. उपासाने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाक मारायला आवाज फुटेना. वीणा आता हातातून सुटणार, एवढंच कळत होतं. मी म्हटलं, पांडुरंगा, कुणाला तरी पाठव.

दारात गुलनार उभी. पाण्याची बाटली शोधायला आली होती म्हणे.

"काकू, मला द्या," ती म्हणाली. "खाली नाही ठेवायची, मला माहीत आहे. माझे बाबा पण दुतार खाली ठेवू देत नव्हते."

मी क्षणभर दिली नाही. तशा अवस्थेतही दिली नाही. मग तिच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे वाकले. ज्या पावलांनी तिने इथून जावं म्हणून मागणं मागत होते, त्यांच्यावरच डोकं टेकलं. ती गोंधळली, छातीवर हात ठेवून तिच्या पद्धतीने झुकली आणि तार छेडू लागली.

मी भिंतीला टेकून बसले. माझ्यापेक्षा ती सुरेल वाजवत होती. ते तेव्हाही टोचलं, अजून टोचतं. पण वीणा खाली आली नाही, आणि मीही सावरले. शोभाताई आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांना वाटलं, अशक्तपणामुळे.

मी 'कुणाला तरी' म्हटलं होतं. कोण, ते त्याने ठरवलं. तेव्हापासून मागताना मी माणसांची नावं घेत नाही. यंदा वीणेचे पहारे, म्हणजे पाळ्या, लावताना मीच सांगितलं, माझ्यानंतर गुलनारला ठेवा. म्हणजे मला पुन्हा तिच्या पायांशी वाकावं लागेल. एकदा वाकून माझं भागलेलं नाही.