एकाच मापाचे हातमोजे

तंत्रशाळेचं भांडार सांभाळणाऱ्या बाईंना पोरं पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणायची. सही घेतल्याशिवाय त्या साधा खिळाही कुणाच्या हातावर ठेवत नसत. या नावाचा त्यांना आतून अभिमानच होता.

यंदा वेल्डिंगच्या चारही मुली चाचणीत नापास झाल्या. वेल्डिंगचे सर वाईट नव्हते, पण त्यांचं एकदा मत झालं की झालं. ‘मुलींचा हात थरथरतो, पुढच्या वर्षापासून त्यांच्या जागा बंद कराव्यात,’ असा अहवाल त्यांनी खात्यासाठी लिहिला आणि समितीच्या सह्यांसाठी फिरवला. समितीत बाईही होत्या. त्यांनी कागद वाचला आणि सही न करता खणात सारला.

त्याला कारण होतं. मुलींनी परत केलेले चामडी हातमोजे त्यांनी उलटसुलट करून पाहिले होते. तळवे काळेकुट्ट, बोटांची टोकं मात्र नव्यासारखी चपटी. पोरींची बोटं तिथवर पोचलीच नव्हती. खात्याच्या यादीत हातमोज्यांचं माप एकच, आणि ते ठरवताना कुणाचा हात डोळ्यांपुढे होता हे काय सांगायला हवं? बाईंना राग आला तो आधी स्वतःचाच. मागणीपत्रक दरवर्षी त्याच तर डोळे मिटून भरत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या भट्टीवरचे जाडजूड हातमोजे घेऊन कार्यशाळेत हजर झाल्या.

“सर, हे घालून एक जोड मारून दाखवा.”

“अहो बाई, यात माझा हात हरवेल.”

“घाला तर खरं.”

सगळा वर्ग गोळा झाला. सरांनी मारलेला जोड असा वेडावाकडा आला की पोरांनी हसू दाबायला माना खाली घातल्या.

“हात थरथरला का?” बाईंनी विचारलं.

“पकडच बसत नाही हो.”

“मग अहवालात तेच लिहा.”

सरांनी लिहिलं, आणि खात्याच्या यादीत मापांचा रकाना घालावा अशी शिफारसही जोडली. त्यावर बाईंनी ठसठशीत सही केली. लहान मापाचे हातमोजे त्यांनी त्याच आठवड्यात गावातल्या दुकानातून मागवले. महिन्याभराने फेरचाचणी झाली. तिघी पास झाल्या, चौथी पुन्हा नापास. तिने रडवेल्या तोंडाने बाईंकडे पाहिलं.

बाई काही बोलायच्या आत सरच म्हणाले, “हातमोजे बरोबर आहेत, सराव कमी पडला. उद्या सकाळी आठला ये. पास झाल्याशिवाय तुला सोडत नाही.”