तिसरं गाणं बरं, बाकी भरतीची

मंगळवारी दुपारी प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी रुसलेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला बाप्या मित्रावर रुसून बसला होता, आणि कशावरून, तर एका जुन्या कॅसेटवरून. मोबाइलवर 'मोन्या घर' असं नाव दिसलं. मला वाटलं, आला साहेबांचा फोन समजूत काढायला. म्हणून मी मुद्दाम थोडा वेळ वाजू दिला. पलीकडे त्याची मुलगी होती. "काका, बाबा गेले… सकाळीच. डायलिसिसला नेत होतो." मी म्हणालो, "अगं, मी या रविवारी येणारच होतो." त्या पोरीला त्याचं काय! पण माझ्या तोंडून तेच निघालं, आणि गेला दीड महिना ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मोहन जगदाळे, म्हणजे आमचा मोन्या, वाशीच्या घाऊक बाजारात मापाडी होता. काट्यावर चढलेल्या कांदा-बटाट्याच्या गोण्यांचं वजन करायचं आणि चिठ्ठी फाडायची, हे त्याचं काम. वडील साताऱ्याकडून आलेले, त्याच बाजारात माथाडी. अशा घरातल्या माणसाला इंग्रजी रॉकचं वेड कुठून लागलं, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "भंगारवाल्याकडून." आणि ते खरंच होतं. कॉलेजात असताना तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडे त्याला परदेशी कॅसेटांनी भरलेली पिशवी मिळाली आणि पुढची तीसेक वर्षं त्याला दुसरं व्यसन लागलं नाही. इंग्रजी आम्हा दोघांचंही यथातथाच. तो डिक्शनरी मांडीवर घेऊन ऐकायचा, आणि एखाद्या भारदस्त गाण्याचा अर्थ लागला की वैतागून म्हणायचा, "एवढा आरडाओरडा केला आणि शेवटी पोरगी सोडून गेली हेच ना? आमच्या आळीत रोज चाललंय."

त्याची ऐकण्याची पद्धत होती. प्रत्येक कॅसेटच्या कव्हरात एक चिठ्ठी, वजनाच्या चिठ्ठीची कोरी पाठ. त्यावर एकदाच मत लिहायचं, ते खोडायचं नाही. मग जितक्या वेळा ऐकू तितक्या रेघा. गोण्या मोजताना मारतात तशाच, चार उभ्या आणि पाचवी आडवी. बाजारात आडवी रेघ मारली की तो खणखणीत ओरडायचा, "पाच झाल्या, पुढं!" घरी कॅसेटवर आडवी रेघ मारतानाही तेच, फक्त हळू आवाजात. त्याची मतं भयंकर असायची. कुठल्याही अल्बमची तो आधी बी साइड लावायचा. "ए साइडला सगळेच चांगला माल लावतात गड्या. गोणीचं तोंड बघून कोण कांदा घेतो? हात आत घालून बघायचा." जगभर नावाजलेल्या एका अल्बमच्या चिठ्ठीवर त्यानं लिहिलं होतं, 'ड्रमर कामाचा. बाकी तिघे त्याच्या जिवावर जेवतात.' आठ-आठ मिनिटं चालणाऱ्या गिटारच्या सोलोला तो लग्नात हातात माइक आलेला मामा म्हणायचा.

पिक्चरचंही तसंच. आपटलेले, थिएटरातून आठवड्यात उतरलेले आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यातल्या चार वेड्यांनी डोक्यावर घेतलेले पिक्चर त्याला आवडायचे. म्हणायचा, "बाजार उठल्यावर गाडी आली म्हणून माल वाईट नसतो." करंजाड्याला फ्लॅट घेतल्यावर त्यानं उत्साहानं सोसायटीच्या ऑफिसात असाच एक परदेशी पिक्चर लावला. दोन तास एक माणूस विहिरीत अडकलेला, आणि वर त्याची बायको स्वयंपाक करतेय. सेक्रेटरी विसाव्या मिनिटाला फोन आल्याचं नाटक करून पळाले. शेवटपर्यंत मी, मोन्या आणि तळमजल्यावरच्या पाटील काकू. काकू उठताना म्हणाल्या, "बरा हाय, पन बायको खाली वाकून बगत का नाय?" मोन्या महिनाभर सांगत सुटला की या पिक्चरवर याच्यापेक्षा चांगलं कुणी बोललेलं नाही.

आता ती कॅसेट. कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता, 'खारफुटी'. गिटार आणि गळा माझा. पैसे जमवून आम्ही आठ गाण्यांची कॅसेट काढली, मराठी रॉक. काय मिजास होती म्हणून सांगू! वाशीत चहाच्या टपरीवर मित्रांना बोलावून वाटली आणि तीन दिवसांनी तिथंच सगळ्यांसमोर मी मोन्याला विचारलं, कशी वाटली? हीच माझी चूक. हा माणूस काट्यावर दया दाखवत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. तो म्हणाला, "तिसरं गाणं बरं आहे. बाकी भरतीची. दुसऱ्यांचं ऐकून उतरवलंयत." पोरं हसली. तो आणखी काही तरी बोलायला लागला होता, पण मी ग्लास आपटून निघालो. वर्षभरात बँड मोडला, मी गिटार विकली, नोकरीला लागलो, आणि ज्याला त्याला सांगत सुटलो की मोन्यानं माझा गळा घोटला. सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

बोलणं सुरू झालं ते काट्यावरच. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी कांदे घ्यायला बाजारात गेलो, तर वजनाला हाच उभा. त्यानं ओळख दाखवली नाही. गोणी चढवली, म्हणाला, "दोन किलो कमी आहे, भरून घ्या." मग चिठ्ठी फाडता फाडता खाली मान घालूनच, "गिटार काय म्हणतेय?" मी तोऱ्यात म्हणालो, "विकली. तुझ्या कृपेनं." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चालू काटा तसाच सोडून निघून गेला. माथाडी हाका मारत राहिले. पुढच्या रविवारी माझ्या दारात उभा, हातात कॅसेटांची पिशवी. त्या दिवसापासून आमचे रविवार सुरू झाले. दुपारी चहा, एक अल्बम, बी साइड आधी, आणि बाजू बदलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. माझ्या कॅसेटचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

काढला तो मी, शेवटच्या भेटीत. किडनीनं त्याला पार चिपाड केलं होतं. मला वाटलं, आता तरी… मी म्हटलं, "मोन्या, एकदा खोटं बोल की लेका. चांगली होती म्हण आमची कॅसेट." तो हसून म्हणाला, "तिसरं गाणं बरं होतं, अव्या." मला असला राग आला! मरायला टेकलेल्या माणसाचा राग आला, लाज वाटते लिहायला. चहा न घेता निघालो. पुढच्या रविवारी गेलो नाही. बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय. आणि मंगळवारी तो फोन.

तेराव्यानंतर त्याच्या बायकोनं, सुनंदा वहिनींनी, बोलावून घेतलं. "भावजी, यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच बघा. मला यातलं ओ की ठो कळत नाही." कॅसेटांच्या कपाटात दोन फळ्या होत्या. वरची 'पुन्हा', खालची 'एकदा बास'. मी निमूटपणे खालची फळी तपासायला बसलो. आमची कॅसेट तिथं नव्हती. वरही नव्हती. टाकून दिली असणार, म्हणून मी उठलो, तर प्राजक्ता म्हणाली, "खारफुटी शोधताय का काका? ती टेपमध्येच आहे. तुम्ही रविवारी निघालात की बाबा तीच लावायचे. चौथं गाणं आलं की शिव्या घालायचे, पण बंद नाही करायचे."

कव्हर टेपच्या शेजारीच होतं. आत चिठ्ठी, घड्यांवर फाटायला आलेली. मत तेच, त्याच दिवसांतल्या निळ्या शाईत, एक अक्षर न बदललेलं. 'तिसरं बरं. बाकी भरतीची.' आणि त्याखाली, टपरीवर मी ऐकायला थांबलो नव्हतो ती ओळ… 'दुसरी कॅसेट यायला पाहिजे. दुसरी आली की नक्की सांगू.' पुढे नुसत्या रेघा. ही चिठ्ठी भरली म्हणून तिला दुसरी टाचलेली, तिला तिसरी. मी मोजल्या नाहीत, माझ्यानं मोजवल्या नाहीत. शेवटच्या जुडग्यात तीनच उभ्या रेघा होत्या, तिसरी वाकडी, थरथरत्या हाताची. "ही कधीची गं?" मी विचारलं. प्राजक्ता खाली बघत म्हणाली, "तुम्ही आला नाहीत ना, त्या रविवारची. तुमची वाट बघून मग लावली."

वहिनींना मी फक्त तेवढी कॅसेट आणि टेप मागितला. गेल्या रविवारी चहा करून बसलो, बी साइड आधी लावली, मग ए. तिसरं गाणं खरंच बरं आहे. चौथं ऐकवत नाही. एवढी वर्षं त्याच्यावर खापर फोडलं, आणि तो बरोबर होता. मी चौथी उभी रेघ मारली. आज पुन्हा ऐकली, आणि त्याच्या तीन आणि माझ्या एका रेघेवरून आडवी रेघ ओढली. घरात कुणी नव्हतं. हळू आवाजात मीच म्हणालो, पाच झाल्या मोन्या… पुढं.