ओहोटीत लावलेली जीप

मामांनी चाळीस वर्षं गंगापूर ते शहर अशी दुसऱ्याची जीप हाकली. साठी उलटल्यावर स्वतःची घेतली, चारही चाकं जोर लावणारी, आणि लगेच जाहीर केलं की हिला समुद्र दाखवायचा. 'हिला' म्हणजे जीपला. मामी आणि मी आपल्या सोबतीला.

तिसऱ्या दिवशी गुजरातच्या टोकाला, आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचलो. शेवटचा रस्ता नुसतं मीठ आणि वाळू. समुद्र पार मागं सरकलेला. चौकीवरच्या गाईडनं बजावलं, "दो बजे के पहले वापस." मामांनी ठरवलं, याची जेवायची सुट्टी असंल.

मामीचे गुडघे दुखतात, म्हणून मामांनी जीप चौकीजवळ न ठेवता थेट खाली ओल्या वाळूत नेली.

"अहो, पाणी आलं म्हंजी?" मामी म्हणाली.

"हटलेलं पाणी कुठं लगेच येतंय? बस निवांत."

मी मुकुंदवाडीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर डोळे झाकून काढते. तरी त्या क्षणी मलासुद्धा मामांचं पटलं, हे कबूल करायला आजही लाज वाटते.

तास-दीड तास लई मजेत गेला. दगडांतल्या डबक्यात एक ऑक्टोपस निघाला. मामी त्याच्याशी बोलत बसली, "किती रे हात तुला! मला एक जोडी दे, भाकरीला लागतेत." मामा फोटो काढत होते, जीपचे.

पाणी गाजावाजा न करता आलं. माझ्या चपला भिजल्या तेव्हा कळलं. मामा धावले, गाडी चालू केली आणि दिली रेस. चिखलातून गाडी काढायची त्यांची एवढी एकच रीत. चाकं अर्धी खाली गेली.

चौकीवरून गाईड ओरडत आला, "टायर की हवा निकालो!"

"हवा काढू? येडा झाला का?" मामा मलाच म्हणाले. जन्मभर टम्म टायरवर चौदा-चौदा माणसं वाहिलेली! तोवर पाणी पुढच्या चाकाला लागलं. मामांचे हात स्टिअरिंगवरच राहिले आणि चेहरा पार उतरला. उभ्या आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी डोळ्यांदेखत जाणार होती. मला रडू फुटायचं बाकी होतं.

मामीनं पदराची पिन काढली, दुखरे गुडघे पाण्यात टेकले आणि पिनेनं टायरची हवा भरायची नळी दाबली. फुस्स! मी केसातली पिन घेऊन दुसऱ्या बाजूला गेले. चारही टायर वाळूवर चपटे पसरले, रुतायचे थांबले. मामांनी हलकेच क्लच सोडला, गाडी कण्हत कण्हत हलली आणि वर आली.

आम्ही उभे होतो ती जागा थोड्या वेळात दिसेनाशी झाली. गाईड भडकलेलाच होता. पानी वापस आता है, इतना भी मालूम नहीं?

मामा खालमानेनं म्हणाले, "भाई, हमारे उधर धरण का पानी पीछे हटा, तो लोगां उस में हरभरा पेरते. गया सो पानी बरसात तक नै आता. कभी कभी तो बरसात में बी नै."

मामी ओल्या लुगड्यानं तशीच उभी राहून समुद्राकडं बघत होती.

"अगं," ती मला म्हणाली, "आजून येतंयच."