नळात निघालेली सुतळी

माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेली, पण टेबलावर. गळतीच्या तक्रारी नोंदवून बोटे दुखली, पाना मात्र नोकरीत एकदाही धरला नाही. तरी बालाघाटच्या आमच्या गल्लीत नळाबद्दल बोलावे ते मीच, असे मी धरून चालत असे.

चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात नवा नळ बसवला. पाव फेरीत उघडणारा, चकचकीत. काही दिवसांनी मुठीखालून पाणी झिरपू लागले. सून बाजारात गेली होती. मी नळ खोलला. लोखंडी पाइपांच्या काळात गळती थांबवायला आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेद्याचे पांढरे लुकण थापत, एवढे मी फिटरांकडून ऐकले होते. नव्या नळाच्या आत पाणी उघडबंद करणारी पितळी कार्ट्रिज असते, तिला स्वतःची रबरी रिंग असते, तिथे यातले काहीच लागत नाही, हे मला ठाऊक नव्हते. मी सुतळी भरली, सफेदा लावला आणि मोठ्या पान्याने होता नव्हता तेवढा जोर लावून आवळले. आत कट् वाजले. मूठ जड झाली आणि तोटीतून थेंब थांबेना.

सुनेने आल्यावर विचारले. मी म्हणालो, "तुहा हात जड हाय. नळ हाय का रहाट?"

भाऊबीजेला तिचा भाऊ किरनापूरहून आला, तेव्हा मी जेवणाच्या पानावर तेच पुन्हा सांगितले. "शिकवा जरा बहिणीले." तो मान खाली घालून हसला. पुढच्या भाऊबीजेला त्याने साडीबरोबर एक खोकेही आणले. त्यात नवा नळ होता. मी तो ठेवून घेतला, न्हाणीत बसवला आणि रोज सकाळी त्याच्याखाली आंघोळ करत राहिलो. सून मात्र स्वयंपाकघरातला नळ टाळून भांडी अंगणातल्या नळावर घासू लागली. पावसात डोक्यावर पोते घेऊन घासायची. मी खिडकीतून पाहायचो.

या उन्हाळ्यात थेंबांची धार झाली. मिस्त्री म्हणाला, कार्ट्रिज झिजली आहे, पण ती इतकी जाम आहे की नळच तोडावा लागेल. तो गेल्यावर सून म्हणाली, "तोडाले काय लागते? आधी खोलून पाहू." मोबाईलवर तिने कसलासा व्हिडिओ पाहिला होता आणि नवी कार्ट्रिजही आणून ठेवली होती. मुलगा नोकरीनिमित्त बिरशाला असतो, शनिवारी येतो. घरात आम्ही दोघेच होतो.

"राहू दे, नवा नळच आणू," मी म्हणालो.

"काहून? चांगला नळ हाय."

आत काय सापडेल, याची मला धास्ती होती.

तिने गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, सुरीच्या टोकाने मुठीवरची टोपी उचकटली, स्क्रू काढला. मूठ क्षारांनी धरून ठेवली होती. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळले, लाटण्याने हलके ठोकले, तेव्हा ती सुटली. मग कार्ट्रिजवर गरम पाणी ओतून तिने पाना लावला. नळ सोबत फिरू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला.

"घट्ट धरा बाबूजी. नळ फिरून राह्यला."

"वय झालं."

वयाचा काही संबंध नव्हता.

तिसऱ्या झटक्याला करकर वाजले आणि कार्ट्रिज सुटली. आट्यांत काळी पडलेली सुतळी, पांढऱ्या खपल्या, चिरलेली रिंग. तिने कार्ट्रिज उजेडात धरली.

"हे कोनं भरलं? कंपनीवाले तं सुतळी नाही भरत."

नळ बसवून गेलेल्या मिस्त्रीचे नाव अगदी ओठांवर आले होते.

"मी," म्हणालो. "तू बाजारात गेलती तवा. मीच आवळून बिघडवला, अन् तुह्यावर ढकललं."

ती नखाने सुतळीचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "मले वाटे, खरंच माहा हात जड असन. नवी कपबशी उचलतानी भेव वाटे."

"माफ कर, पोरी."

"मले नका म्हणू. भाऊले फोन लावा. त्याच्यासमोर बोलले होते तुमी."

लावला. तिने स्पीकर चालू केला. मी सगळे सांगितले. भाऊ अवघडला. "जाऊ द्या न बाबूजी, जुनी गोष्ट हाय."

"जाऊ नोको देऊ," सून माझ्या खांद्यामागून म्हणाली. "आईले फोन दे."

विहीणबाईंना मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, सुतळीसकट.

"हे सांगाले चार वर्षं लागले तुमाले?"

"हौ."

मग त्यांनी फोन बाजूला धरून कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारलेली ऐकू आली, "ऐकलं का वो बाई! नळ माह्या पोरीनं नाही तोडला! सासऱ्यानं तोडला! सोता सांगून राह्यला!"

सून ओट्याला टेकून हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अर्ध्या किरनापुरात पोचणार, हे मला कळत होते. पोचो. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी वाटत होती.

"चला," तिने माझ्या हातात जुना टूथब्रश दिला. "आट्या साफ करा. सफेदा तुमीच काढा."

मी नळावर वाकून घासू लागलो. ती शेजारी उभी राहून नव्या कार्ट्रिजची रिंग बोटाने नीट बसवत होती.

"हे पाहा बाबूजी," ती म्हणाली, "येथं काईच लावा लागत नाही."